घरची वर्गणी

मुरुडच्या एका घरातला प्रसंग आहे. बडोद्याचे गायकवाड सरकार ब्राह्मणांना माणशी दहा रुपये दक्षिणा देत आहे, अशी बातमी कोकणातल्या त्या गावी पोचली. घरात ओढाताण होती आणि दहा रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. दोन भावांनी आईकडे जाण्याची परवानगी मागितली. आई संतापली. आपण कोणाच्या कुळातले, आपल्या वाडवडिलांनी दानाला कधी हात पुढे केला नाही, मग तुम्हाला ही बुद्धी कशी झाली, असे तिने खडसावले. मुले गप्प बसली.

त्यांपैकी धाकट्या मुलाने पुढे आयुष्यभर हात पुढे केला. पुण्यातल्या गल्ल्यांत केला, मुंबईच्या पेढ्यांवर केला, लंडनमध्ये, अमेरिकेत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही केला. मात्र स्वतःसाठी त्याने एक पैही मागितली नाही. आईचा शब्द त्याने मोडला की सर्वांत खऱ्या अर्थाने पाळला, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तो पाळलाच असे वाटते.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, महाराष्ट्राचे महर्षी आणि घरच्यांचे अण्णा. १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२ असे १०४ वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. ते जन्मले त्या वर्षी कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले, आणि त्यांनी डोळे मिटले तेव्हा प्रजासत्ताक भारत बारा वर्षांचा झाला होता. एवढ्या लांब आयुष्याचा आढावा संस्थांची आणि सन्मानांची यादी करून घेता येतो, आणि तो तसा अनेकदा घेतलाही गेला आहे. मला तो वर्गण्यांच्या वहीतून घ्यावासा वाटतो. अण्णांनी कोणाकडून काय मागितले, कोणी काय दिले आणि सर्वांत जास्त कोणी दिले, एवढेच त्या वहीत पाहायचे आहे.

पायी चालण्याची सवय

अण्णांचा जन्म आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. बालपण दापोलीजवळच्या मुरुडात गेले. तिथल्या सोमण मास्तरांनी या मुलाला अक्षरांखेरीज गावाच्या कामाची गोडी लावली. देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे काम या लाजऱ्या पोराकडे आले. पुढे ते फर्डे वक्ते कधीच झाले नाहीत. मोठ्या सभेपेक्षा एकेका माणसासमोर बसून शांतपणे आपले म्हणणे मांडणे त्यांना जमे. पण दुसऱ्यांसाठी वाचावे, दुसऱ्यांसाठी बोलावे, हे वळण तिथेच लागले.

मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला निघाले, तेव्हा वय सतराच्या आसपास होते. पावसाळ्यात, सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा मंडळाच्या प्रमुखांनी त्यांच्या किरकोळ अंगाकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. आले तसे परत जावे लागले. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाते. मला त्यात आणखी काही दिसते. ज्याला दारातून एकदा नुसत्या दिसण्यावरून परत पाठवले गेले, त्याला बंद दाराचा अर्थ आयुष्यभर कळत राहिला. पुढे ज्यांच्यासाठी त्यांनी काम केले त्या विधवांना तर जन्मभर प्रत्येक दारातून परत पाठवले जात होते, तेही त्यांच्या नुसत्या दिसण्यावरून.

मुंबईत रॉबर्ट मनी शाळा, १८८१ मध्ये मॅट्रिक, एल्फिन्स्टन कॉलेज आणि १८८४ मध्ये गणित घेऊन बी.ए. अशी पुढची वाट. त्यानंतर मुलींच्या शाळांत शिकवणे आणि खासगी शिकवण्या. चार पैसे हाती येऊ लागताच त्यांनी गावासाठी ‘मुरुड फंड’ सुरू केला. मिळकतीतला ठरावीक लहान वाटा प्रत्येकाने गावच्या कामाला द्यायचा, अशी ती योजना. संसार अजून मांडून व्हायचा होता आणि वर्गणीची वही आधीच उघडली होती.

गोदूबाईंचा होकार

त्या काळच्या रीतीप्रमाणे अण्णांचे लग्न लहानपणीच झाले होते. पत्नी राधाबाई मुंबईच्या बिऱ्हाडात आल्या. ते बिऱ्हाड कधी चार भिंतींपुरते नव्हते. मित्र नरहरपंत जोशी तिथे राहत. नात्यातला हुशार मुलगा म्हणून रघुनाथ परांजपे तिथेच राहून शिकला, आणि पुढे केंब्रिजचा सीनियर रँग्लर होऊन आला. नरहरपंतांची लहानपणीच विधवा झालेली बहीण, देवरुखची गोदूबाई, भावाकडे आली ती याच घरात. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे ही गोदूबाई.

१८९१ मध्ये राधाबाई वारल्या. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव रघुनाथच, तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताची जागा रिकामी झाली होती. पुढे १९१४ पर्यंत ते तिथे राहिले.

दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी एकच अट घातली: लग्न केले तर विधवेशीच. कायद्याने १८५६ मध्येच विधवाविवाहाला मान्यता दिली होती, म्हणजे अण्णांच्या जन्माआधी दोन वर्षे. पण कायद्याच्या पुस्तकातून तो आळीत उतरला नव्हता. ११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदनाच्या वाढदिवशीच, पुण्यात अण्णांचे आणि गोदूबाईंचे लग्न झाले. त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या बाया.

मुरुडने या लग्नावर बहिष्कार घातला. कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कोणी बसायचे नाही, आणि ते घरी उतरले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. ज्या गावासाठी फंड काढला, ज्या देवळात वर्तमानपत्रे वाचून दाखवली, त्याच गावात आईच्या पंगतीला बसणे कठीण झाले. या लग्नाची किंमत पहिल्यांदा मोजली ती अण्णांच्या आईने आणि भावाने. बहिष्काराचा दंड दूर राहणाऱ्यापेक्षा गावात राहणाऱ्याला जास्त सोसावा लागतो. ही घरची पहिली वर्गणी. ती कोणत्याही अहवालात छापलेली नाही.

हिंगण्याची झोपडी

३१ डिसेंबर १८९३ रोजी वर्ध्याला ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन झाली आणि पुढे तिचे नाव ‘विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी’ असे झाले. नावातला हा बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. कोणाला लग्नाला भरीस घालायचे नाही, फक्त वाटेतला अडथळा काढायचा. अण्णांच्या कामाचा स्वभाव त्या नावात उतरला आहे.

लवकरच त्यांच्या लक्षात आले की लग्न होऊ शकेल अशा विधवा थोड्या, आणि लग्नाविना जगावे लागणाऱ्या असंख्य. त्यांच्या हाती विद्या आणि मिळकत नसेल तर कायदा असून उपयोग नाही. म्हणून १८९६ मध्ये ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ सुरू झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले. अण्णांनी आपल्या शिलकीतले हजार रुपये पहिल्यांदा घातले आणि मगच दुसऱ्यांकडे मागायला निघाले.

पुण्यात प्लेग आला आणि आश्रम शहराबाहेर न्यावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर माळ दिला आणि झोपडी बांधायला पैसेही दिले. १९०० मध्ये त्या माळावर आश्रम उभा राहिला. आज कर्वे रस्त्याने त्याच हिंगण्याला, म्हणजे कर्वेनगरला जाताना सिग्नलला थांबावे लागते. त्या काळी डेक्कनच्या पुढे रान होते. फर्ग्युसनमधले तास संपले की अण्णा संध्याकाळी हिंगण्याची वाट धरत. चार मैल पायी, अनेकदा आश्रमाचे सामान स्वतःच घेऊन, पावसाळ्यात चिखल तुडवत. रात्री मुलींना शिकवायचे, तिथेच झोपायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजात गणित.

ही वाट मराठी माणसाच्या मनात कायमची कोरली गेली आहे. पण तिचे दुसरे टोकही पाहिले पाहिजे. अण्णा संध्याकाळी हिंगण्याकडे निघत तेव्हा शहरातल्या घरात बाया मुलांना घेऊन एकट्या राहत. आश्रमात मुलगी पाठवणाऱ्या सनातनी घरांना भीती वाटे की इथे आपल्या मुलीचे लग्न लावून देतील. ती भीती घालवण्यासाठी अण्णांनी आश्रमाचे काम फक्त शिक्षणाचे ठेवले आणि पुनर्विवाहाच्या चळवळीपासून ते वेगळे राखले. त्याचा एक परिणाम असा झाला की स्वतः पुनर्विवाहित असलेल्या बायांना आश्रमापासून अंतर राखून राहावे लागले. ज्या स्त्रीच्या होकारातून हे सारे उभे राहिले, तिच्यासाठीच त्या अंगणात जागा उरली नाही. आश्रमाच्या हिताचा विचार केला तर निर्णय चुकीचा नव्हता. पण त्याचे ओझे एकीच्या खांद्यावर पडले, आणि तिने ते उचलले.

बायांचा जमाखर्च

बायांनी सुईणीचे शिक्षण घेतले आणि ते काम केले. पुनर्विवाह केलेल्या जोडप्यांना, टाकलेल्या बायकांना, त्यांच्या लेकरांना त्या घरात ठेवून घेत. घरात चार मुलगे: राधाबाईंचा रघुनाथ आणि बायांचे शंकर, दिनकर व भास्कर. पगारातला मोठा भाग आश्रमाला जाई. उरलेल्यात पोरे वाढवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ताटही वाढायचे.

अण्णांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे केली, ही गोष्ट बायांना फार लागली. माणूस विमा उतरवतो तो आपल्या माघारी बायकोमुलांना आधार असावा म्हणून. तो आधारही दान झाला. अण्णांच्या दृष्टीने आश्रमातल्या मुलीही मुलेच होती आणि घरच्यांना निदान बाया होत्या. जो तो आपला हिशेब बरोबर मांडत होता. पण एकाच संसारात दोन वह्या होत्या आणि दोन्ही जुळवायचे काम बायांकडे होते.

बायांनी हे सगळे लपवून ठेवले नाही. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी आपले आयुष्य रोखठोक भाषेत सांगितले. अण्णांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एकाच घराचे दोन दरवाजे उघडतात. एकातून माळ आणि त्यावर उभा राहिलेला आश्रम दिसतो, दुसऱ्यातून चूल आणि तिच्याभोवती बसलेली उपाशी पोरे. वसंत कानेटकरांनी या जोडीवरून ‘हिमालयाची सावली’ हे नाटक लिहिले, ते १९७२ मध्ये रंगभूमीवर आले आणि मराठी प्रेक्षकाने त्या सावलीकडे पहिल्यांदा नीट पाहिले.

टपालाने आलेले जपान

हिंगण्याला काम वाढत गेले. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले, १९०८ मध्ये संस्थेला आयुष्य वाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्म मठ. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती.

मग टपालाने एक पुस्तिका आली. बनारसचे शिवप्रसाद गुप्त जपान पाहून आले होते, त्यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती पाठवली होती. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेले ते विद्यापीठ. पुस्तिका काही काळ तशीच पडून राहिली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद अण्णांकडे आले आणि भाषणाची तयारी करताना त्यांनी ती उघडली. परिषदेत त्यांनी भारतातही स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ हवे, अशी कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ते सुरू झाले.

त्या विद्यापीठाचे दोन विशेष होते. एक, उच्च शिक्षण मातृभाषेतून. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मराठीतून पदवीपर्यंत शिकवण्याची हिंमत या लाजऱ्या गणिताच्या शिक्षकाने केली. दुसरे म्हणजे सरकारी सनदेची वाट न पाहता लोकांच्या लहान वर्गण्यांवर ते उभे राहिले. सुरुवातीला विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. सरकारमान्यता नाही, पदवीला नोकरीच्या बाजारात मोल नाही, आणि मातृभाषेतले शिक्षण म्हणजे कमी दर्जाचे, हा आक्षेप तर दारोदार ऐकावा लागे.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. तेही जपानला जाऊन तिथले महिला विद्यापीठ पाहून आले होते. आपल्या आईचे नाव त्यांनी विद्यापीठाला दिले: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण ज्याला एस.एन.डी.टी. म्हणतो त्या चार अक्षरांत एका आईचे नाव आहे, हे तिथे शिकणाऱ्या मुलींनाही कित्येकदा ठाऊक नसते. सरकारी कायद्याने पूर्ण मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडले. तोपर्यंत ही पदवी घेणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि तिच्या आईबापांनी संस्थेवर जो विश्वास टाकला, तीही वर्गणीच.

जगाच्या वाटेवर

या घरातून जगप्रवासाला पहिल्यांदा कोण निघाले, हे विचारले तर बहुतेक जण अण्णांचे नाव घेतील. खरे उत्तर आहे पार्वतीबाई आठवले. त्या बायांच्या सख्ख्या धाकट्या बहीण. विधवा झाल्यावर, मूल पदरी असताना, विशी उलटून गेल्यावर त्या अक्षरे गिरवायला बसल्या आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमाचा आधारस्तंभ झाल्या. पुनर्विवाह त्यांनी केला नाही, सगळे आयुष्य आश्रमाला दिले. १९१८ मध्ये इंग्रजी शिकायचे आणि आश्रमासाठी निधी जमवायचा म्हणून त्या अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून पोट भरले, भाषा शिकल्या, १९२० मध्ये परत आल्या. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पुढे इंग्रजी अनुवादही झाला. देवरुखच्या एका विधवेने पन्नाशीच्या उंबरठ्यावर समुद्र ओलांडला, तोही आश्रमाची वही घेऊन. अण्णांच्या दौऱ्यांची वाट अशी आधीच पडली होती.

अण्णा निघाले मार्च १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षात. इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या परिषदेत आणि लंडनच्या कॅक्सटन हॉलमध्ये त्यांनी भारतातल्या स्त्रीशिक्षणावर व्याख्याने दिली. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा भारतीय प्रयोग मांडला. डेन्मार्कमधल्या एल्सिनोरच्या परिषदेला हजेरी लावली. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट घेतली. गणित शिकवून निवृत्त झालेल्या कोकणी मास्तरासाठी ती भेट काय असेल, याचा विचार मनात येतो. पुढे अमेरिका, आणि शेवटी जपान. टोकियोच्या ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने पंधरा वर्षांपूर्वी सारे सुरू केले होते, त्याच्या आवारात ते उभे राहिले. १९३० मध्ये परतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा निघाले, या वेळी आफ्रिकेला. मोंबासासह केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा सुमारे पंधरा महिन्यांचा फेरा. तिथले भारतीय व्यापारी आणि नोकरदार यांच्या घरोघर जाऊन त्यांनी विद्यापीठासाठी पैसा जमवला.

दोन्ही दौऱ्यांतून हाती आलेली रक्कम हजारांच्या घरातली. ठाकरसींच्या देणगीपुढे ती फार लहान. मग सत्तरी उलटल्यावर एवढी पायपीट का केली? मला वाटते, कारण अण्णांना पैसा एकाच्या हातून यायला नको होता. विद्यापीठ हजारो लोकांचे व्हायचे असेल तर प्रत्येकाचा रुपया त्यात पडला पाहिजे, ही त्यांची मुरुड फंडापासूनची श्रद्धा होती. मोंबासाच्या दुकानदाराने दिलेल्या शिलिंगाने हिंगण्याची वाट तिथपर्यंत लांबवली. जगप्रवास हा त्यांच्या दृष्टीने पाहण्याचा विषय नव्हता, तो त्याच संध्याकाळच्या चालण्याचा पुढचा टप्पा होता.

मुले कुठे गेली

सार्वजनिक काम करणाऱ्या माणसाची मुले कशी होतात, हा प्रश्न आपल्याकडे हळू आवाजात विचारला जातो. कर्व्यांच्या घराने त्याचे उत्तर उघडपणे दिले.

थोरला रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक. १९२१ मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, नोकरी गमावली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि वडिलांपेक्षाही एकाकी लढाई पत्नी मालतीबाईंच्या साथीने लढली. अण्णांच्या वाट्याला अखेर सत्कार आले. रघुनाथ १९५३ मध्ये गेला तेव्हा त्याच्या वाट्याला फारसे काही आले नव्हते. शंकर डॉक्टर होऊन मोंबासाला स्थायिक झाला आणि तिथल्या सार्वजनिक जीवनात वावरला. दिनकर रसायनशास्त्रज्ञ, फर्ग्युसनचा प्राचार्य. भास्कर आणि त्याची पत्नी कावेरीबाई यांनी हिंगण्याच्याच संस्थेला आयुष्य दिले.

दिनकरांची पत्नी इरावती हा या कथेतला मला सर्वांत बोलका धागा वाटतो. दिनकरांनी तिला मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीला पाठवायचे ठरवले. ज्या अण्णांनी हजारो मुलींना घराबाहेर काढले, त्यांना आपल्या सुनेने एकटीने परदेशी जाणे पसंत नव्हते. तरी ती गेली. अण्णा १९२९ मध्ये युरोपभर फिरत होते तेव्हा इरावती बर्लिनमध्ये पीएच.डी.चा अभ्यास करत होती. पुढे ‘युगान्त’ लिहून तिने महाभारताकडे पाहण्याची मराठी नजर बदलली. सासऱ्यांविषयीही तिने लिहिले, आदराने आणि डोळे उघडे ठेवून. दिनकरांनी १९६३ मध्ये इंग्रजीत काढलेल्या ‘द न्यू ब्राह्मन्स’ या पुस्तकात अण्णा आणि बाया यांच्या आत्मकथनांबरोबर इरावतीचा तो लेखही आहे. एका घराने स्वतःचा जमाखर्च असा जगापुढे मांडावा, याची उदाहरणे फार नाहीत.

अण्णांनी मुलांना वेळ दिला नाही, पैसा ठेवला नाही. तरी चौघांपैकी कोणीही नुसते आपल्यापुरते जगले नाही. याचे श्रेय वडिलांच्या उदाहरणाला आहेच. पण उदाहरण डोळ्यांसमोर असले म्हणून मूल टिकत नाही, त्याला रोज कोणीतरी जेवू घालावे लागते. चार मुलांत वडिलांविषयी कडवटपणा साचू न देता त्यांना त्या कामाच्या जवळ ठेवणारी बाई घरात होती, म्हणून ही वाट पुढे गेली.

अठ्ठ्याहत्तरीनंतर

१९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथे शाळा उघडायची. आपल्या बेताच्या पेन्शनमधून दरमहा वर्गणी घातली आणि पुन्हा दारोदार फिरले. त्याच वर्षी ‘लुकिंग बॅक’ हे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पण मागे वळून पाहणारा माणूस पुढेच चालत होता. १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, जातिभेद मोडण्यासाठी समता संघ स्थापन केला. विधवेपासून सुरू झालेला विचार खेड्यातल्या पोरापर्यंत आणि तिथून माणसामाणसातल्या समतेपर्यंत आला.

२९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार संपला. त्यानंतर सन्मानांची रांग लागली: १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न. १८ एप्रिल १९५८ रोजी शंभरी पूर्ण झाली, तेव्हा मुंबईत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत सत्कार झाला आणि टपाल खात्याने तिकीट काढले. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ज्या टपालाने एकदा जपानची पुस्तिका घरी आणली होती, त्याच टपालावर आता त्यांचा चेहरा देशभर फिरत होता. ते सोहळे पाहायला बाया नव्हत्या, याची खंत मला वाचताना दर वेळी वाटते.

आज मुंबईत चर्चगेटजवळ महर्षी कर्वे रस्ता आहे, पुण्यात कर्वे रस्ता आणि कर्वेनगर. हिंगण्याच्या झोपडीपासून वाढलेल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. ज्या माळावर केशवपन केलेल्या मुली कंदिलाच्या उजेडात बाराखडी गिरवत होत्या, तिथे संगणक आणि यंत्रे शिकणाऱ्या मुली बससाठी उभ्या असतात. संस्था समाजकार्य करणाऱ्या स्त्रियांना बाया कर्वे यांच्या नावाने पुरस्कारही देते. ते नाव तिथे घेतले जाते याचे समाधान वाटते.

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत लहानमोठे अण्णा असतात. गावचे वाचनालय चालवणारे, सहकारी सोसायटीसाठी झिजलेले, शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी मागत फिरलेले. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देताना शेवटी एक वाक्य असते, ‘यात त्यांच्या पत्नीचाही वाटा आहे,’ आणि टाळ्या होतात. तो वाटा किती होता, हे मात्र कोणी मांडत नाही. अण्णांच्या घरात तो मांडला गेला. पंधरा लाखांच्या देणगीची पावती विद्यापीठाच्या दप्तरी आहे आणि मोंबासाच्या शिलिंगाचीही कुठेतरी असेल. सर्वांत मोठ्या वर्गणीची पावती देणारीनेच लिहून ठेवली. तिचे नाव ‘माझे पुराण’. अण्णांचे चरित्र हातात घेणाऱ्याने ती पावतीही वाचावी, आणि आपल्या घरात अशी पावती कोणाच्या नावे लिहायची राहून गेली आहे, ते एकदा आठवून पाहावे.